लॅपटॉप चालू होत नाही? आधी चार्जर काढा, मग बटण दाबा

नमस्कार. मागच्या व्हिडिओखाली सर्वाधिक वेळा आलेला प्रश्न होता, "सर, लॅपटॉप चालू होत नाही, काय करू?" बहुतेकांनी एवढेच लिहून बाकीचे माझ्या अंतर्ज्ञानावर सोपवले होते, म्हणून आधी प्रश्न नीट मांडून घेऊ. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे 85 लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले, तेव्हाही लोक "चालू होत नाही" असेच सांगत होते. परंतु निळा का होईना, पडदा उजळला असेल तर यंत्र चालू झालेले असते आणि बिघाड बहुधा पुढे विंडोजमध्ये असतो. आपण आज बोलणार आहोत ते बटण दाबूनही ढिम्म राहणाऱ्या किंवा दिवा लागूनही पडदा काळाच ठेवणाऱ्या लॅपटॉपबद्दल.

सॉकेटमध्ये वीज आहे का, हे मोबाइल लावून पाहा. अडॅप्टर त्याच लॅपटॉपचा आहे ना, हेही पाहा. 65 वॅटचा टाइप-सी चार्जर 20 व्होल्टवर 3.25 अँपिअर देतो, त्याची जागा 18 वॅटचा मोबाइल चार्जर घेऊ शकत नाही, मग पिन कितीही छान बसो. एवढे तुम्ही केलेच असेल, असे मी धरून चालतो.

आता मुख्य पायरी. चार्जरची पिन लॅपटॉपमधून काढा. माउस, पेनड्राइव्ह, एचडीएमआयची केबल, सगळे काढा. बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर तीही काढा. त्यानंतर पॉवरचे बटण सलग 30 सेकंद दाबून धरा, सोडा, फक्त चार्जर जोडा आणि बटण नेहमीसारखे एकदाच दाबा.

यावर ठरलेली प्रतिक्रिया येते, "केले, काही झाले नाही." मी विचारतो, चार्जर काढला होता का? उत्तर येते, "नाही, चार्जिंग संपले होते म्हणून लावूनच ठेवला." मित्रहो, या पायरीचा सगळा अर्थ चार्जर काढण्यातच आहे. लॅपटॉप बंद असला तरी त्यातली एम्बेडेड कंट्रोलर नावाची छोटी चिप जागीच असते, कारण बटण दाबले गेले की नाही आणि बॅटरी किती भरायची, हे तीच पाहते. विजेच्या झटक्याने किंवा अर्धवट झोपेतून उठताना ही चिप अडकली, तर तुम्ही बटण दाबत राहता आणि ऐकणारे कोणीच नसते. तिचा पुरवठा तोडून साठलेला विद्युतभार निघून जाऊ दिला की ती नव्याने सुरू होते. चार्जर जोडलेला असेल तर तो पुरवठा तुटतच नाही.

भिंतीवरचा स्विच बंद करणेही मला पुरेसे वाटत नाही, कारण बऱ्याच अडॅप्टरांचा दिवा स्विच बंद केल्यावरही काही क्षण तेवत राहतो, म्हणजे आत वीज शिल्लक असते.

दुसऱ्याला हसण्याआधी माझी फजिती सांगतो. गेल्या वर्षी माझ्याच लॅपटॉपवर मी हा प्रयोग तीनदा केला आणि मदरबोर्ड, म्हणजे मुख्य सर्किट बोर्ड, गेला, असे घरी जाहीरही केले. चार्जर मी काढला होता, पण टाइप-सीचा मॉनिटर तसाच जोडलेला होता आणि तो चित्र घेता घेता त्याच केबलमधून लॅपटॉपला वीजही देत होता. ती केबल काढल्यावर चौथ्या प्रयत्नात लॅपटॉप मुकाट्याने सुरू झाला. घरच्यांनी तो मदरबोर्ड अजून विसरू दिलेला नाही.

आणि सेकंद मनात मोजू नका. माणूस घाईत असला की त्याचे तीस आकडे बारा सेकंदांत संपतात, त्यामुळे मोबाइलचे घड्याळ लावा. लेनोवोच्या काही थिंकपॅड लॅपटॉपमध्ये बॅटरी आत असते आणि तळाला रीसेटचे बारीक छिद्र असते. तिथेही आधी चार्जर काढायचा आणि मग सरळ केलेली पेपर क्लिप हलकेच दाबायची. "एवढा वेळ दाबल्याने फाइल जातील का?" असे एका ताईंनी विचारले आहे. डिस्कवर सेव्ह केलेले सहसा सुरक्षित राहते; मात्र काळ्या पडद्यामागे विंडोज चालू असेल, तर सेव्ह न केलेले काम जाईल.

दिवा लागतो पण पडदा काळा असेल, तर पडद्यावर तिरका टॉर्च मारा; पुसट चित्र दिसले तर दोष बॅकलाइटचा, म्हणजे पडद्यामागच्या प्रकाशाचा. दिवा ठरावीक तालात लुकलुकत असेल तर तो मोजा. डेलच्या अनेक लॅपटॉपमध्ये दोनदा पिवळा आणि तीनदा पांढरा म्हणजे रॅम सापडत नाही, आणि तेव्हा रॅम काढून पुन्हा बसवल्याने काम होऊ शकते. मात्र रॅम बदलल्यावर पहिल्यांदा सुरू होताना, विशेषतः डीडीआर5 या नव्या प्रकारच्या रॅममध्ये, पडदा काही मिनिटे काळा राहू शकतो, कारण यंत्र त्या रॅमशी जुळवून घेत असते. तेवढ्यात बटण दाबून ते काम मोडू नका.

बॅटरी फुगलेली दिसली किंवा जळल्याचा वास आला, तर यांतले काहीही न करता लॅपटॉप दुरुस्तीला द्या. देण्यापूर्वी आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात बिटलॉकरची, म्हणजे डिस्क कुलूपबंद ठेवणाऱ्या विंडोजच्या सोयीची, 48 अंकी रिकव्हरी की आहे का, ते दुसऱ्या यंत्रावरून पाहून ठेवा, कारण मदरबोर्ड बदलल्यावर विंडोज ती मागू शकते.