नंबर कुठे चाललाय

(दृश्य: अंधारलेली खोली. समोर उजळलेला तक्ता. मुलीचा चेहरा जवळून.)

ही मुलगी नऊ वर्षांची. दर सहा महिन्यांनी डोळे तपासायला याच खुर्चीत बसते. खालच्या ओळीशी आली की डोळे बारीक करते, आणि तपासणाऱ्या ताई दर वेळी तेच सांगतात: "डोळे मोठे ठेव. नाही दिसलं तर नाही म्हण."

डोळे बारीक केले की थोडं स्पष्ट दिसतं. तेवढ्यानं नोंद चुकते, आणि इथे सगळा भरवसा नोंदीवरच आहे.

(दृश्य: तक्त्यावरून हळूहळू खाली सरकणारा कॅमेरा.)

अक्षरांचा तक्ता 1862 सालचा. नेदरलँड्समधल्या उट्रेख्तचे नेत्रवैद्य हर्मन स्नेलन यांनी तो बनवला. 6 मीटरवरून वाचायच्या 6/6 च्या, म्हणजे चांगल्या नजरेच्या, ओळीतलं अक्षर जेमतेम 9 मिलिमीटर उंच असतं, 6/60 चं, म्हणजे सगळ्यांत वरचं, त्याच्या दहापट. पण त्या तक्त्यात वर एकच अक्षर आणि खाली गर्दी, त्यामुळे नजर नेमकी किती उतरली हे मोजणं अवघड जाई. ऑस्ट्रेलियात बेली आणि लव्ही यांनी 1976 मध्ये प्रत्येक ओळीत पाच अक्षरं ठेवली. आता एकेक अक्षर मोजता येतं.

मागच्या खेपेला या मुलीनं 41 अक्षरं वाचली होती. आज 38. घाबरायचं का? इतक्यात नाही. त्याच माणसाला त्याच दिवशी दोनदा वाचायला लावलं, तरी तीन-चार अक्षरांचा फरक पडू शकतो.

(दृश्य: डोळ्यात थेंब. मग बाकावर डोळे मिटून बसलेली मुलगी.)

इथून पुढचा अर्धा तास आम्ही मुद्दाम पूर्ण चित्रित केला, कारण पालकांना नकोसा वाटतो तो हाच. थेंबांनी बाहुली मोठी होते, उजेड बोचतो, वह्यापुस्तकं अंधुक दिसतात. पण लहान मुलाच्या डोळ्यातलं भिंग इतकं लवचीक असतं, की तपासणीच्या वेळीही ते स्वतःला आवळून घेतं आणि मायनस नंबर खरा आहे त्यापेक्षा जास्त निघतो. थेंबांनी ते भिंग सैलावतं. म्हणून थेंब टाकून काढलेला नंबर आणि थेंबांविना काढलेला नंबर एका रांगेत मांडू नयेत. कागदावर तसं लिहिलेलं नसेल, तर विचारून लिहून घ्यावं.

(दृश्य: रेटिनोस्कोपची, म्हणजे डोळ्यात उजेड टाकून नंबर शोधणाऱ्या यंत्राची, प्रकाशपट्टी. बाहुलीत लालसर चमक.)

आता बाहुलीकडे बघा. ताई प्रकाशाची पट्टी डावीकडून उजवीकडे नेताहेत, आणि आतली लालसर चमक उलट्या दिशेला पळतेय. एक काच पुढे धरली. चमक अजून उलटीच, पण रुंद झाली. दुसरी काच. तिसरी. आता पट्टी हलते आणि चमक हलत नाही, बाहुली एकदम भरून जाते. नंबर इथे सापडला. मुलीनं या सगळ्यात एक शब्दही बोललेला नाही.

(दृश्य: डोळ्याची लांबी मोजणारं यंत्र. पडद्यावर आकडा.)

यापुढचा आकडा नंबराइतकाच महत्त्वाचा: डोळ्याची समोरून मागपर्यंतची लांबी. जन्माच्या वेळी ती 17 मिलिमीटरच्या आसपास असते, मोठेपणी साधारण 24. डोळा त्याच्या गरजेपेक्षा लांब वाढला की प्रतिमा डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्याच्या अलीकडेच पडते आणि लांबचं धूसर होतं. 1 मिलिमीटर जास्त लांबी म्हणजे ढोबळमानानं अडीच डायऑप्टरचा नंबर; डायऑप्टर हे नंबर मोजायचं एकक. हे यंत्र डोळ्याला न शिवता, नुसत्या प्रकाशानं, मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत लांबी सांगतं.

सातव्या वर्षी 23.60. आठव्या वर्षी 23.92. आज 24.20.

(दृश्य: आलेखावर तीन ठिपके. हात रेष जोडतो.)

हे तीन ठिपके जोडले की नंबर कुठे चाललाय ते दिसायला लागतं. मुलांच्या उंची-वजनाचा असतो तसाच हा आलेख, वयाप्रमाणे वर चढणाऱ्या रेषांचा. मूल आपल्याच रेषेवर चालत असेल तर ठीक. एक रेष ओलांडून वरच्या रेषेवर गेलं, की लक्ष द्यायचं. अंदाज चष्म्याआधीही बांधता येतो. सहाव्या वर्षी, थेंब टाकून, नंबर प्लस पाऊणपेक्षा कमी भरला, तर पुढे मायनसचा चष्मा लागण्याची शक्यता वाढते. आई-वडील दोघांनाही मायनस नंबर असेल तर आणखी. मोकळ्या उजेडात घालवलेला वेळ उलट दिशेनं काम करतो: चीनमधल्या ग्वांगझू शहरात काही शाळांनी रोज 40 मिनिटं बाहेरचा तास वाढवला, आणि तीन वर्षांत तिथल्या 30 टक्के मुलांना मायनस नंबर लागला, बाकीच्या शाळांत 39.5 टक्के.

मायनस नंबर फार वाढला तर पुढे डोळ्यातला पडदा सुटण्याचा आणि काचबिंदूचा, म्हणजे डोळ्याची नस हळूहळू खराब होण्याचा, धोका वाढतो.

(दृश्य: वृत्तपत्र लांब धरलेला हात.)

चाळिशीचं भाकीत सगळ्यांत सोपं. दहाव्या वर्षी भिंगाची जवळचं बघण्याची ताकद 12 ते 14 डायऑप्टर, चाळिशीत चार-पाच, साठीत जेमतेम एक. हा उतार जवळपास सगळ्यांचा सारखाच.

(दृश्य: पांढऱ्या घुमटात डोकं टेकवलेले आजोबा. बटणाचा आवाज.)

काचबिंदूचा उतार मात्र ज्याचा त्याचा. या घुमटात कडेची नजर तपासतात. आजोबा समोरच्या खुणेवर नजर रोखून आहेत. कडेला बारीक दिवा चमकला की बटण दाबायचं. तक्ता त्यांनी आत्ताच 6/6 वाचला. घुमटात मात्र वरच्या कोपऱ्यातले दिवे लागून विझतात, आणि बटण वाजत नाही.

(निवेदन थांबतं. वीस सेकंद फक्त दिवे आणि शांतता.)

ही तपासणी एकदा करून भागत नाही. पहिल्या वेळी तर माणूस शिकतच असतो. नजर उतरण्याचा वेग कळायला पहिल्या दोन वर्षांत सहा तपासण्या लागतात असं मानतात. मग संगणक ठिपक्यांतून रेष काढतो, आणि पुढच्या वर्षांसाठी ती तुटक करून लांबवतो. त्या तुटक रेषेवर औषध वाढवायचं का, शस्त्रक्रिया करायची का, हे ठरतं. आजोबांचे सुरुवातीचे तीन अहवाल घर बदलताना गेले. गेलेली नजर परत येत नाही, आणि त्या तीन ठिपक्यांविना रेष नव्यानं सुरू करावी लागली.

(दृश्य: मुलीची फाइल. ताईंचं पेन.)

तारीख. उजवा, डावा. थेंब टाकून. लांबी 24.20. चौथा रकाना रिकामा ठेवून ताई फाइल मुलीच्या हातात देतात, आणि ती उजेड डोळ्यांवर येऊ नये म्हणून तीच फाइल कपाळावर धरून बाहेर पडते.