पुढच्या पाळीचा माणूस

[दृश्य: जुन्या कोळसा खाणीचं कृष्णधवल चित्रण. डोक्यावर दिवे लावून आत शिरणारे कामगार.]

निवेदन:
खाणीत आपल्या जोडीला कोण असावं, हे इंग्लंडमधले जुने खाणकामगार स्वतःच ठरवत. गट छोटा, दोघातिघांचा, फार तर सात-आठ जणांचा. कोळसा फोडायचा, भरायचा, बाहेर ढकलत न्यायचा, डोक्यावरच्या छताला टेकू द्यायचे. यातलं बहुतेक काम गटातल्या प्रत्येकाला येई. मजुरी गटाच्या नावावर मिळे आणि आपसांत वाटली जाई. जोडीदार जखमी झाला किंवा दगावला, तर त्याच्या घरच्यांकडे सोबत्यानं बघायचं, असंही बऱ्याचदा घडे. ते कुठल्या करारात लिहिलेलं नव्हतं.

मग यंत्रं आली. कोळशाच्या लांबलचक भिंतीवर आता चाळीस-पन्नास माणसं लागू लागली आणि ती तीन पाळ्यांत विभागली गेली. एका पाळीनं भिंत खालून कापायची, दुसरीनं वाहक पट्टा सरकवायचा, तिसरीनं कोळसा भरायचा. ज्याला जे काम नेमून दिलं, तेवढंच त्यानं करायचं. मजुरीचे दरही कामागणिक वेगळे झाले.

1951 साली एरिक ट्रिस्ट आणि केन बॅमफर्थ या दोघांनी या बदलाचा अभ्यास प्रसिद्ध केला. ट्रिस्ट लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूट या समाजसंशोधन संस्थेचे. बॅमफर्थ पूर्वी स्वतः खाणीत काम केलेले, त्यामुळे टेकू कच्चा बसला की खाली काय होतं, हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागलं नसणार.

त्यांना दिसलं ते असं. आधीच्या पाळीनं छत नीट सावरलं नाही, तर त्याचे भोग भरणाऱ्याच्या वाट्याला. भरणाऱ्यांनी कोळसा मागे ठेवला, की पुढच्या पाळीचं सगळं गाडं अडलं. म्हणजे माणसं एकमेकांवर पूर्वीपेक्षा जास्तच अवलंबून होती. पण तिन्ही पाळ्यांची गाठभेट क्वचितच होई. ज्याच्या चुकीनं आपला दिवस वाया गेला, त्याचं तोंडसुद्धा दिसत नसे. मग दोष ढकलणं सुरू झालं. आपल्यापुरतं सांभाळायचं, जमेल तेवढंच करायचं, आणि फारच झालं तर दांडी मारायची.

[दृश्य: आजचं कार्यालय. शेजारीशेजारी बसून आपापल्या स्क्रीनकडे पाहणारी माणसं.]

निवेदन:
खरी गोम इथेच आहे. कामं एकमेकांत गुंतवली की माणसंही गुंततील, असा आपला भाबडा समज असतो. तसं आपोआप होत नाही. नुसत्या अवलंबून असण्यातून चीडही जन्मते. फाइल अडवणाऱ्या विभागाविषयी आपल्याला नेमकं काय वाटतं, ते आठवून पाहा.

आणि हे मोबदल्यातही मुरतं. मॉर्टन डॉइश या मानसशास्त्रज्ञानं 1949 साली मांडलेला मुद्दा साधा आहे: तुझ्या यशात माझंही यश असेल, तर मी तुला मदत करीन, माहिती देईन. तुझं यश म्हणजे माझं अपयश असेल, तर ती माहिती मी दाबून ठेवीन. पाच जणांनी मिळून काम करायचं आणि वर्षअखेरीस त्या पाचांचीच एकमेकांविरुद्ध क्रमवारी लावायची, ही पद्धत अजून किती ठिकाणी चालते! वरून मग एकोपा वाढवायला सहल काढायची.

[दृश्य: पुन्हा खाण. दोन पाळ्यांचे कामगार एकमेकांशी बोलताना.]

निवेदन:
खाणीची गोष्ट मात्र तिथेच संपली नाही. 1950च्या दशकात इंग्लंडमधल्याच डरहॅमच्या खाणींमध्ये काही गटांनी यंत्रं तीच ठेवली आणि मांडणी बदलली. एकेचाळीस माणसांचा एकच गट, मजुरीची एकच नोंद. कोण कोणत्या पाळीला जाणार, कोण कोणतं काम करणार, हे त्यांनीच ठरवायचं. आलेल्या पाळीनं आपलं नेमून दिलेलं काम धरून बसायचं नाही. आधीच्यांनी जिथे सोडलं, तिथून पुढे न्यायचं. गैरहजेरी जुन्या मांडणीच्या निम्म्याहूनही खाली आली.

[दृश्य: रुग्णालयाचा वॉर्ड, संध्याकाळ. दोन निवासी डॉक्टर, हातात रुग्णांची यादी.]

निवेदन:
पाळी जिथे बदलते, तिथे हा धागा तुटतो किंवा घट्ट होतो. म्हणून वॉर्डातलं हे दोन मिनिटांचं बोलणं नीट ऐका.

"सहा नंबरचा पोटॅशियमचा रिपोर्ट आठला येईल. वाढलेलं असलं, तर लगेच ईसीजी काढ आणि सरांना कळव."

"सहा नंबर, पोटॅशियम, आठ वाजता मी बघते. वाढलेलं असलं तर ईसीजी, मग सरांना फोन."

काम कोणाचं, कोणत्या वेळेला, आणि बिनसलं तर काय करायचं, हे सगळं दोघांच्याही तोंडून आलं. ऐकणारीनं ते परत म्हणून दाखवलं, त्या क्षणी जबाबदारी एका हातातून दुसऱ्या हातात गेली. हँडओव्हरच्या, म्हणजे पाळी बदलताना रुग्ण पुढच्याकडे सोपवण्याच्या, या आय-पास नावाच्या पद्धतीचा अभ्यास मुलांवर उपचार करणाऱ्या नऊ रुग्णालयांत झाला आणि 2014 साली प्रसिद्ध झाला. वैद्यकीय चुका 23 टक्क्यांनी घटल्या होत्या. हँडओव्हरला लागणारा वेळ मात्र फारसा वाढला नव्हता.

जॉन मेयर आणि नॅटली ॲलन या मानसशास्त्रज्ञांनी 1991 मध्ये कामाशी असलेल्या बांधिलकीचे तीन प्रकार सांगितले. कुणी मनापासून राहतो, कुणी सोडणं परवडत नाही म्हणून, कुणी राहणं कर्तव्य वाटतं म्हणून. त्यांचा विषय माणूस आणि संस्था यांचं नातं हा होता. पण माझ्या मते रोजच्या कामात संस्था फार दूर असते. आठ वाजता रिपोर्ट बघितला जातो, तो बहुधा संस्थेच्या ध्येयवाक्यासाठी नव्हे. शब्द दिलेला माणूस सकाळी समोर येणार असतो, म्हणून.

अर्थात, प्रत्येक गोष्टीला मान हलवणारा सहकारी हा भरवशाचा सहकारी नव्हे. त्याच्या होकाराचा अंदाजच येत नाही. वॉर्डातलं हँडओव्हर अजून चालू आहे, तेही ऐका.

"नऊ नंबरची सलाईनची सुई बदलायची राहिली आहे. तेवढं बघशील?"

"नाही रे. आठ वाजता दोन नवीन पेशंट येतायत, मला एकटीला जमणार नाही. सुई तू बदलून जा. रक्त पाठवायचं राहिलंय ना, ते मी घेते."

तो खांद्यावरची बॅग खुर्चीवर टाकतो आणि हातमोजे शोधायला लागतो. उद्या सकाळी तिची ड्यूटी संपेल, तेव्हा नाही म्हणायची पाळी त्याची असू शकते.