खाऱ्या चिखलातला साबण

(दृश्य : पहाट. मिठागरांवरचं धुकं. पहिलं वाक्य पाण्याच्या आवाजानंतर.)

गोव्याच्या पेडणे तालुक्यातलं आगरवाडा. गावाच्या नावातच आगर, म्हणजे मिठागर आहे. शापोरा नदीला भरती आली की मानशीचं, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेचं, दार उघडतं, खारं पाणी आत येतं आणि या वाफ्यातून त्या वाफ्यात, नुसत्या उन्हावर आटत जातं. मीठ धरायला लागेपर्यंत ते समुद्राच्या पाण्याच्या जवळजवळ दहापट खारट झालेलं असतं. त्यात काही जगत असेल यावर विश्वास बसत नाही. पण शेवटच्या वाफ्याची ही गुलाबी झाक बघा. हा रंग मिठाचा नाही, मिठातच सुखाने राहणाऱ्या सूक्ष्मजीवांचा आहे.

(दृश्य : बांधावरून चालणारी पावलं. चिखलात हात. बाटली.)

“बाय, पाय जपून टाक,” आगरात काम करणारे काका सांगतात. ही संशोधक विद्यार्थिनी आहे आणि तिला मीठ नको, त्याखालचा चिखल हवाय, त्यातल्या जिवाणूंसाठी.

तेलकट अन्न पाण्यात विरघळत नाही. ते खायचं तर आधी त्याचे बारीक थेंब करावे लागतात. म्हणून काही जिवाणू आणि यीस्ट स्वतःपुरता साबण स्वतःच तयार करतात. शास्त्रात त्याला बायोसर्फॅक्टंट म्हणतात. रिठ्याचा फेस आपल्या घरांत नवा नाही. इथे झाडाच्या जागी जिवाणू आहे, एवढंच.

(दृश्य : प्रयोगशाळा. थेंब, अगदी जवळून.)

प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्यावर पाण्याचा थेंब ठेवलाय. अळूच्या पानावर बसतो तसा गोल, ताठ. आता चिखलातले जिवाणू जिथे वाढवले त्या द्रावणाचा थेंब. हा ठेवल्याठेवल्या पसरून सपाट झाला. पुन्हा पाहू, हळू गतीने. थेंबाला गोल धरून ठेवते ती पाण्याच्या पृष्ठभागाची ओढ, म्हणजे पृष्ठताण. पाण्याचा पृष्ठताण मीटरमागे 72 मिलिन्यूटन असतो. 1968 साली जपानी संशोधकांनी बॅसिलस सबटिलिस या जिवाणूपासून वेगळं केलेलं सर्फॅक्टिन हे बायोसर्फॅक्टंट तो 27 वर आणतं, आणि तेही अगदी थोड्या मात्रेत.

दुसरी बशी. पाण्यावर काळ्या तेलाची साय. मधोमध एक थेंब सोडला आणि तेल कडेला पळालं. जेवढं वर्तुळ मोठं, तेवढा जिवाणू कामाचा.

(दृश्य : काचेचं भांडं, हवेचे बुडबुडे, वर चढणारा फेस.)

खरी कसरत पुढे आहे. वाढीसाठी हवा सोडावी लागते. हवा सोडली की फेस येतो आणि भांड्याबाहेर निघतो. कॅमेरा लावला त्या दिवशी टेबल दोनदा पुसावं लागलं. पण माल त्या फेसातच असतो. द्रावण गरगर फिरवून जिवाणू खाली बसवायचे, वरच्या पाण्यात आम्ल घालून सामू 2 वर आणायचा आणि रात्रभर थंडीत ठेवायचं. सकाळी तळाशी हा तपकिरी साका. लिटरभर द्रावणातून एवढाच. खर्चाचा मोठा भाग या गाळण्या-धुण्यातच जातो, म्हणून हा साबण अजून महाग आहे.

(दृश्य : बाथरूमच्या फळीवरच्या बाटल्या.)

शाम्पूत सर्रास असतं ते सोडियम लॉरिल सल्फेट. त्वचेची आग मुद्दाम घडवून तपासायची असली, तर त्वचारोगतज्ज्ञ हेच वापरतात. त्यामानाने यीस्टपासून मिळणारे सोफोरोलिपिड सौम्य असतात आणि सहज कुजतात. फेसवॉश, क्रीममध्ये ते येऊ लागले आहेत.

(दृश्य : लाल बशी. वसाहतीभोवतीचं पारदर्शक कडं.)

औषधांचं गणित वेगळं. ही रक्त मिसळलेली बशी. जिवाणूभोवती लाल रंग गेला, म्हणजे रक्तपेशी फुटल्या. साबण बनवणारा जिवाणू असाच हेरतात. पण जे बशीत पेशी फोडतं ते शिरेतून कसं द्यायचं? सर्फॅक्टिन इथेच अडतं. त्याच्याच जातकुळीतलं, मेदाची शेपटी असलेलं डॅप्टोमायसिन मात्र पार झालं. 2003 साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. इतर उपचारांना न जुमानणाऱ्या जंतूंवर ते आज दिलं जातं. रॅम्नोलिपिड हे आणखी एका जिवाणूचे साबण जखमेवरचा जंतूंचा चिकट थर सैल करतात, पण ते बनवणारा मूळ जिवाणू स्वतःच रुग्णालयांत उपद्रवी आहे.

(दृश्य : पुन्हा आगर. दुपार. मिठाचे ढीग, मग पलीकडचे पडीक वाफे.)

वेर्णा, कुंडईत औषधांचे कारखाने आहेत. कच्चा जिवाणू इथे, बांधाआड.

पलीकडे बांध फुटला तो कुणी बांधला नाही. वाफ्यांत खारफुटीची रोपं उभी आहेत. विद्यार्थिनीने तिथलाही चिखल घेतला आणि बाटलीवर लिहायला वाफ्याचं नाव विचारलं. काकांनी हात हलवला.

“तो आता नाही, बाय. नुसतं आगरवाडा लिही.”