वाऱ्यानं रचलेली माती

मराठवाड्यात कुणी नवी विहीर खांदायला घेतली की खाली काय लागणार हे गावातला कुणीपण सांगेल. आधी काळी माती, मग चुनखडीचे खडे असलेली पिवळट माती, मग मुरूम, आणि त्याखाली सुरुंग लावल्याशिवाय न हलणारा काळा खडक. आपली माती ह्याच बेसाल्टची, तो उन्हापावसात झिजून झिजून झालेली, काही ठिकाणी गोदावरी-मांजरानं आणून टाकलेली. पण आज ज्या मातीबद्दल बोलायचंय तिचं खालच्या खडकाशी काही नातंच नाही, ती वरून आलीय, वाऱ्यातून.

ती आहे उत्तर चीनमधल्या, शान्शी आणि कान्सू प्रांतातल्या पिवळ्या डोंगरांत. ह्या मातीला लोएस म्हणतात. बऱ्याच भागात तिचा थर १०० ते २०० मीटरचा आहे आणि लान्झोऊ शहराकडं तर ३०० मीटरच्या वर. लातूरकडं हजार फूट बोअर घेतलं तरी पाणी नाही असं आपण ऐकतो ना, तेवढ्या खोलीपर्यंत तिथं नुसती उडून आलेली धूळ आहे!

एवढी धूळ आली कुठून? वायव्येला गोबी आणि आजूबाजूची वाळवंटं आहेत, त्यांच्या कडेला उंच पर्वत. बर्फानं, थंडीनं खडक भरडला जातो, नद्या तो गाळ खाली कोरड्या मैदानात आणून सोडतात. गंमत अशी की एकदम बारीक धूळ वाऱ्यानं सहजासहजी उचलत नाही, कण एकमेकांना चिकटून बसलेले असतात. आधी वाळू उड्या मारायला लागते, ती जमिनीवर आपटते आणि त्या दणक्यानं धूळ सुटून वर जाते. पुढचं काम म्हंजे आपली खळ्यावरची उपणणीच समजा, जड ते जवळ पडतं, हलकं ते लांब जातं. वाळू वाळवंटातच राहते, मधल्या मापाचे कण काहीशे किलोमीटरवर खाली बसतात, आणि सगळ्यात बारीक धूळ पॅसिफिक ओलांडते, ग्रीनलँडच्या बर्फातसुद्धा ती सापडलीय.

हे नुसतं अंदाजानं सांगितलेलं नाही. ल्यू तुंगशेंग नावाच्या चिनी भूवैज्ञानिकानं पठारभरचे नमुने तपासून दाखवलं की वायव्येकडून आग्नेयेकडं जाल तसे कण बारीक होत जातात. वाऱ्याची दिशा मातीतच नोंदलेली!

पण धूळ पडली म्हणून ती टिकतेच असं नाही, परत उडून जाऊ शकते. तिला धरून ठेवतं गवत, आणि थोडा पाऊस. मग त्यातला चुना कणांना बांधून घेतो, म्हणून एवढी मऊ माती असूनसुद्धा तिचे कडे सरळ उभे राहतात. ही धूळ साचायला लागून २६ लाख वर्षं झाली. १५० मीटरचा थर धरा आणि भागाकार करा, हजार वर्षाला सहा सेंटिमीटरसुद्धा भरत नाहीत.

आणि मला सगळ्यात भारी वाटतात ते ह्या पिवळ्या थरांमधले लाल पट्टे. हिमयुगात हवा कोरडी, हिवाळी वारा जोरात, की पिवळी धूळ भराभर साचायची. मधेच काही हजार वर्षं उन्हाळी मान्सून जोर धरायचा, पाऊस वाढायचा, धूळ कमी व्हायची, आणि त्याच मातीची लालसर जमीन तयार व्हायची. परत थंडी, परत पिवळा थर. हा मान्सून पूर्व आशियाचा, आपल्या मान्सूनचा भाऊबंदच. आपल्याकडं दोन वर्षं पाऊस गेला तर माणसं ऊसतोडीला नाहीतर पुण्याला निघतात, इथं तर हजारो वर्षांचे दुष्काळ आणि सुकाळ एकावर एक रचून ठेवलेत.

ह्या मातीत माणसं घरं कोरून राहतात, याओतोंग म्हणतात त्यांना, उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात ऊबदार. पण १५५६ साली भूकंप झाला, ही घरं कोसळली, कडे ढासळले, आणि जवळपास ८ लाख ३० हजार माणसं गेली असं नोंदलंय. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट, दगडमातीच्या जड भिंती आणि माळवदं अंगावर येणं, हे ज्या घरांनी सोसलंय त्यांना ह्याच्यावर वेगळं काही सांगायला नको.

ह्या मातीचा दुसरा धोका पाणी. गवत मोडून नांगर फिरवला की पावसात ती धडाधड वाहून जाते, पीत नदी पिवळी आहे ती ह्याच मातीनं. गेल्या शतकाच्या मध्याला ती वर्षाला १६० कोटी टनांच्या आसपास गाळ वाहायची. मग उतारावर पायऱ्यांची शेतं झाली, ओढ्यांवर बांध पडले, १९९९ पासून सरकारनं उतारावरची शेती सोडून तिथं झाडं-गवत लावायला शेतकऱ्यांना मदत द्यायला सुरुवात केली, आणि आता गाळ त्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास आलाय.