लेकीनं ‘च्यायला’ म्हटलं तर

[दृश्य – ओढा, दोन्ही काठ, हलगी]

काल नागपंचमी झाली. आज तिचा दुसरा दिवस. सातारा जिल्ह्यातल्या खंडाळा तालुक्यातली सुखेड आणि बोरी ही दोन गावं, आणि दोघांच्या मधून जाणारा हा ओढा. या काठाला सुखेडच्या बायका, पलीकडे बोरीच्या. हलगी कडाडली, शिंग फुंकलं गेलं आणि पदर खोचून बायका पुढं सरकल्या. आता हात नाचवत, बोटं मोडत त्या समोरच्या काठाला शिव्यांची लाखोली वाहणार. हाच तो बोरीचा बार.

[दृश्य – हात, चेहरे, गर्दीला आवरणारे पोलीस]

शब्द नीट ऐकू येणार नाहीत. हलगीच्या दणक्यात ते कॅमेऱ्यातही उतरले नाहीत. पण हे हात बघा. ही हिरव्या चुड्याची मनगटं बघा. एरवी चारचौघांत डोक्यावरचा पदर सावरत बोलणाऱ्या बायका आज सगळ्या गावादेखत, पोलीस बंदोबस्तात, पाव्हण्यारावळ्यांसमोर शिव्या देतात आणि कुणी त्यांना नावं ठेवत नाही.

गावात कथा सांगतात ती अशी. एका पाटलाच्या दोन बायका. एकीचं घर या काठाला, दुसरीचं त्या. दोघी ओढ्यावर समोरासमोर आल्या, भांडण जुंपलं आणि त्या भांडणातच दोघींचा अंत झाला. तेव्हापासून बार घालायची रीत पडली. बार चुकला तर गावावर संकट येतं, अशी समजूत. बार संपला की रागही संपला. मनात काही ठेवायचं नाही.

[दृश्य – काठावरची पोरं, बापाच्या खांद्यावर बसलेली मुलगी]

आणि हे प्रेक्षक. सगळ्यात पुढची जागा पोरांनी धरलीय. त्यांना कुणी डोळे झाकायला सांगत नाही, कान तर नाहीच नाही.

[दृश्य – लोणंद, घराची पडवी, कॅरम]

इथून जवळच लोणंद. कांद्याच्या बाजारामुळं नाव झालेलं गाव. या घरातले वडील कांद्याच्या आडतीवर कामाला आहेत, आई घर आणि शिलाई मशीन सांभाळते, आजीचं माहेर सुखेडचं. मुलगा सहावीत, मुलगी तिसरीत. आमचा कॅमेरा कोपऱ्यात चालू होता आणि पोरं त्याला विसरली होती.

मुलाची सोंगटी भोकाच्या तोंडाशी जाऊन थांबली. “च्यायला!” वडील मोबाइलमध्ये बघतायत. मान वर न करता हसले. “नेम धरून मार की.”

डाव पुढं सरकतो. आता मुलीनं राणी घेतलीय, तिच्यावर कव्हर पाहिजे. स्ट्रायकर सुटला, कव्हर हुकलं. “च्यायला, गेली!”

लाटणं हातात तसंच ठेवून आई बाहेर आली, पाठीत धपाटा बसला. आणि मघाशी हसलेले वडील आता मान वर करून म्हणतात, “मुलीच्या जातीला शोभतं का हे?”

[मुलीचा चेहरा. इथं निवेदन नाही.]

[बाइट – वडील]
“आडतीवर दिवसभर हेच कानावर पडतंय. हमाल, ड्रायव्हर, आम्ही, सगळेच बोलतो. त्यात कुणाचं काय जातंय? पोराला गल्लीत वावरायचंय. सगळंच दाबलं तर बुळगं होईल. पोरीचं वेगळं आहे. तिला उद्या दुसऱ्याच्या घरी जायचंय.”

[बाइट – आई]
“शाळेतनं वहीत शेरा आला की सही मला करावी लागते. ह्यांना कोण विचारतंय? पाव्हण्यांसमोर पोरगं काही बोललं, तर लोक म्हणणार, आईनं हेच शिकवलं का? म्हणून मी दोघांनाही बोलते. पण खरं सांगू का, पोरीला जास्त मारते. कळतंय मला.”

[बाइट – आजी]
“आमी बाराला हुबं ऱ्हायचो तवा आमच्या मागं हलगी वाजायची. आन त्याच तोंडानं घरात एक शबुद काढला असता, तर सासूनं चटका दिला असता. शिवीला बी जागा असती, बाई. ती पोरास्नी दावायला पायजे.”

[दृश्य – गल्लीतलं क्रिकेट, शाळा सुटतानाची गर्दी]

पोरांच्या तोंडी काय असतं, ते या गल्लीत कुणीही ऐकावं. गाढवा, बैला, नालायका यांना घरात कुणी शिवी धरतच नाही, आईबापही तेच बोलतात. आईबहिणीवरून दिलेल्या शिव्या वाईट, यावर दोघांचंही एकमत. वाद होतो तो मधल्यावर. च्यायला, आयला, साल्या, झक मारली. शिवाय मोबाइलमधून आलेलं ‘भेंडी’. मुलाला विचारलं तर तो सरळ सांगतो, सगळेच म्हणतात.

मग मोठ्यांनी रेघ कुठं ओढायची? आमच्या मते ती या घरात चुकीच्या जागी ओढली गेलीय. रेघ शब्दावर नाही, मुलगा-मुलगीवर ओढलीय. आणि ती एकट्या या घरातली नाही. शिमगा आठवा. होळीभोवती पालथा हात तोंडावर मारून बोंब ठोकायची मुभा पोरांना पिढ्यान् पिढ्या आहे. त्या बोंबेत काय काय ओरडलं जातं, हे आयांनाही ठाऊक असतं आणि त्या कानाडोळा करतात. मुली त्या वेळी नैवेद्याची ताटं धरून मागं उभ्या. ओढ्याकाठचा तो बार आम्हाला म्हणूनच मोलाचा वाटतो. वर्षातला एकच दिवस, पण त्या दिवशी बाईचा आवाज चढतो आणि कुणी तो दाबत नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नेवासा तालुक्यात सौंदाळा नावाचं गाव आहे. तिथं २०२४च्या नोव्हेंबरमध्ये ग्रामसभेनं ठराव केला, की आईबहिणीवरून शिवी दिली तर ५०० रुपये दंड. सरपंच शरद आरगडे यांचं म्हणणं असं, की शिवी देणारा विसरतो, त्याच्या स्वतःच्या घरातही आई-बहीण आहे. या ठरावाची विशेष गोष्ट अशी, की तो फक्त मुलांसाठी नाही. दंड मोठ्यांनाही आहे. पोरांनी भाषा कुठून उचलली, हे त्या ग्रामसभेनं बरोबर ओळखलं.

[दृश्य – शाळेची वही, लाल शाईतला शेरा]

लोणंदच्या या मुलाला ‘साल्या’साठी शाळेत एक दिवस वर्गाबाहेर उभं राहावं लागलं आणि ज्याला तो तसं म्हणाला, तो मित्र अजून खेळायला येत नाही.

[दृश्य – रात्रीचं जेवण, सगळे पंगतीला]

दिवसभराचं चित्रीकरण आम्ही त्यांना तिथंच, छोट्या स्क्रीनवर दाखवलं. कॅरमचा प्रसंग वडिलांनी परत लावायला सांगितला. त्यांचं हसणं आणि त्यांचंच “शोभतं का”, दोन्ही एकापाठोपाठ. मुलगी आईला खेटून बसलीय.

[बाइट – आई]
“अहो, नियम करायचा तर दोघांना एकच करा. घरात नाही म्हणजे कुणीच नाही. आणि मग तुम्हीसुद्धा नाही.”

[बाइट – वडील]
“आडतीवर नाही जमायचं. घरात सोडतो.”

मुलानं लगेच विचारलं, पप्पांना दंड किती. ५०० जास्त होतात, यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं. शेवटी दहा रुपये ठरले. पैसे मुलीच्या डब्यात जमा होणार, हिशेब आजी ठेवणार.