तारायानाची ऊर्जा आणि उष्णतेचा निचरा

परळीच्या औष्णिक वीजकेंद्राचा २५० मेगावॉटचा एक संच पूर्ण भाराने चालला, तर दिवसाला ६० लाख युनिट वीज देतो. आता दुसऱ्या ताऱ्याकडे निघालेल्या यानाच्या १ किलो वजनाला प्रकाशाच्या १० टक्के वेग द्यायचा, तर १२.५ कोटी युनिट लागतात. म्हणजे किलोमागे त्या संचाची २१ दिवसांची वीज, तीही कणभर वाया न जाता. एवढं करून ४.२४ प्रकाशवर्षांवरच्या प्रॉक्झिमाला, म्हणजे सूर्यानंतरच्या सर्वांत जवळच्या ताऱ्याला, पोचायला ४२ वर्षं. तिथं थांबायचं असेल, तर त्याची ऊर्जा वेगळी.

म्हणून लोक प्रतिद्रव्याकडे वळतात, म्हणजे साध्या द्रव्याच्या उलट भाराच्या जुळ्याकडे; दोन्ही भिडले की नष्ट होऊन त्यांची ऊर्जा होते. १ ग्रॅम प्रतिद्रव्य १ ग्रॅम द्रव्याला भिडलं की ५ कोटी युनिट निघतात. पण निघतात कशी, ते बघा. प्रोटॉन आणि प्रतिप्रोटॉन भिडले की पायॉन नावाचे कण उडतात. साधारण तिसरा हिस्सा ऊर्जा उदासीन पायॉनांकडे जाते आणि त्यांचे तत्क्षणी गॅमा किरण होतात. गॅमाला चुंबक वळवू शकत नाही. ते चहूकडे जाणार, यानाच्या अंगावरसुद्धा. भारित पायॉन मात्र फुटण्याआधी सरासरी २० मीटर धावतात. तेवढ्यात चुंबकीय नॉझलने, म्हणजे चुंबकक्षेत्राच्या नळकांड्याने, त्यांना मागं वळवायचं. रेटा मिळतो तो यातूनच. नॉझलच्या अतिवाहक (अतिथंड असताना विजेला अजिबात रोध न करणाऱ्या) वेटोळ्यांपुढे गॅमा अडवायला जाड आड लावावी लागते, ती आड तापते, आणि उष्णता वेटोळ्यापर्यंत झिरपली की अतिवाहकता जाऊन चुंबकच बसतं.

साठवणीचं तर विचारूच नका. सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेत अतिथंड पेनिंग सापळ्यात, म्हणजे विद्युत आणि चुंबकक्षेत्राने भारित कण अधांतरी धरणाऱ्या उपकरणात, प्रतिप्रोटॉन वर्षाहून जास्त टिकवलेत, पण ते मोजकेच. सगळे ऋणभारित, दाटी झाली की एकमेकांना रेटतात आणि सापळा धरत नाही.

संलयन, म्हणजे हलकी अणुकेंद्रकं जोडून ऊर्जा काढणं, त्यामानाने आवाक्यातलं. १९७३ ते ७८ मधल्या डिडॅलस या तारायानाच्या आराखड्यात इंधन म्हणून ५०,००० टन ड्युटेरियम (जड हायड्रोजन) आणि हेलियम-३, सेकंदाला त्या इंधनाच्या २५० गोळ्यांचे स्फोट आणि प्रकाशाच्या १२ टक्के वेग होता. या जोडीतून न्यूट्रॉन निघत नाहीत खरे, पण ड्युटेरियम आपसातही जुळतं आणि तिथून न्यूट्रॉन येतातच, आणि त्यांनाही चुंबक वळवू शकत नाही.

या सगळ्यांचं घोडं अडतं ते उष्णतेपाशी. २०१३ च्या दुष्काळात परळीचे संच बंद ठेवावे लागले ते पाण्यावाचून. अवकाशात पाणीही नाही, वाराही नाही. उष्णता फक्त प्रारणाने जाते. १५०० केल्विनला तापलेला पत्रा एका बाजूने चौरस मीटरला फार तर २८७ किलोवॉट फेकतो. १ गिगावॉट बाहेर टाकायचा तर ३४ गुंठ्यांहून जास्त पत्रा हवा, दोन्ही बाजू उघड्या ठेवल्या तर निम्मा. तापमान दुप्पट केलं तर क्षेत्रफळ सोळाव्या हिश्श्यावर येतं. पण ३००० केल्विनला टिकणारे पदार्थ थोडेच, त्यात टंगस्टन भलतंच जड.

माझा कल त्यामुळे लेझर-शिडाकडे आहे, म्हणजे पृथ्वीवरून लेझरचा झोत टाकून यानाचं आरशासारखं शीड ढकलायचं. ऊर्जेचं केंद्र इथंच राहतं. मात्र १ गिगावॉट झोताने रेटा मिळतो जेमतेम ६.७ न्यूटन. २०१६ च्या ब्रेकथ्रू स्टारशॉट या लेझर-शिडाच्या प्रकल्पाने म्हणूनच १०० गिगावॉट झोत आणि ग्रॅमभराचं यान धरलं. त्या झोतातला लाखावा भाग जरी शिडाने शोषला, तरी चारेक मीटरच्या त्या पातळ पडद्यावर १ मेगावॉट उष्णता येते.