नवीन पेशी मिळतील का हो मॅडम?

नमस्कार मंडळी, ठाण्यातून बोलतेय. पंचवीस वर्षं ज्युनिअर कॉलेजला बायो शिकवलं, आता रिटायर झाले तरी कुणी पेशी म्हटलं की कान टवकारतात, काय करणार.

तर आमच्या बिल्डिंगमध्ये एक गृहस्थ आहेत, चाळिशी नुकतीच ओलांडलेली. तलावपाळीला फेरी मारायला जातात, पण चाल अशी की हात मध्येच उडतो, पाय भलतीकडेच पडतो, आणि रिक्षावाले म्हणतात सकाळी सकाळीच टाकून आलाय. थेंबाला शिवत नाही हो तो माणूस. त्यांना हंटिंग्टन आहे, मेंदूचा आनुवंशिक आजार. वडलांनाही तेच असणार, पण गावाकडे तेव्हा बाहेरचं आहे म्हणून अंगारेधुपारे झाले. मागच्या आठवड्यात त्यांची बायको फोन घेऊन वर आली, कुठल्यातरी क्लिनिकची जाहिरात, स्टेम सेलने, म्हणजे ज्यांपासून दुसऱ्या पेशी बनतात अशा मूळ पेशींनी, मेंदूत नव्या पेशी, वर ईएमआयची सोय. म्हणाली, मॅडम, मंगळसूत्र सोडून बाकी सगळं सोनं मोडते, पण होईल ना हो?

आता हिला काय सांगू.

आपल्या चौथ्या क्रोमोसोमवर एक जीन आहे, त्यात सी-ए-जी ही तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात, रेकॉर्ड अडकल्यासारखी. बहुतेकांमध्ये २६ किंवा कमी वेळा. ४० किंवा वर गेली की आजार आज ना उद्या होतोच, ३६ ते ३९ असेल तर होईलही नाहीतर नाहीही. आईवडलांपैकी एकाकडून आलं तरी पुरे, म्हणजे प्रत्येक मुलाला निम्मा चान्स, आणि थोरल्याला आलं म्हणून धाकटा सुटला असं काही नसतं, हा हिशोब लोक हमखास चुकतात. या जीनमुळे बनणारं हंटिंग्टिन प्रोटीन बिघडतं आणि मेंदूत खोलवर स्ट्रायटम म्हणून भाग आहे, हालचालींना लगाम घालणारा, तिथल्या पेशी मरत जातात.

मग नव्या का येत नाहीत? आम्ही शिकलो तेव्हा पुस्तकात सरळ होतं की मेंदूच्या पेशी मिळाल्या तेवढ्याच, आणि मीही तेच शिकवलं, जुन्या विद्यार्थ्यांनो सॉरी. १९९८ मध्ये कळलं की मोठ्या माणसाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूच्या आठवणींच्या भागात, नवे न्यूरॉन (मेंदूच्या पेशी) बनतात, पुढे स्वीडनमध्ये अणुबॉम्बच्या चाचण्यांनी हवेत वाढलेल्या कार्बन-१४ वरून पेशींचं वय काढलं तर हिशोब आला मेंदूच्या प्रत्येक बाजूला रोज सुमारे ७००. भांडण मात्र मिटलेलं नाही, २०१८ ला एका टीमने म्हटलं मोठेपणी काही बनत नाही, दुसरीने म्हटलं म्हातारपणीही बनतात.

हंटिंग्टनमध्ये तर अजबच. या आजाराच्या उंदरांमध्ये हिप्पोकॅम्पसला नव्या पेशी कमी बनतात. पण माणसांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले तेव्हा स्ट्रायटमच्या शेजारच्या थरात पेशी उलट जास्त विभागताना दिसल्या, म्हणजे बिचारा मेंदू डागडुजीला लागलेला असतो. आणि तरी २०१४ ला त्या कार्बनवाल्यांनी आजार पुढे गेलेल्यांचं स्ट्रायटम बघितलं तर जन्मानंतर बनलेले न्यूरॉन तिथे उरलेलेच नव्हते. का, याचं एक कारण बीडीएनएफ, पेशी जगवणारं प्रोटीन, ते स्ट्रायटमला मुख्यतः वरून कॉर्टेक्समधून, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरातून, पोचतं, आणि ते बनवायला न् वाहून न्यायला धडधाकट हंटिंग्टिन लागतं, जे इथे बिघडलेलंय. मुरबाडकडे ज्यांनी भातलावणी केलीय त्यांना सांगायला नको, खाचरात पाणीच नाही तर रोपं कितीही आणा.

बाहेरून पेशी घालूनही बघितलंय बरं का, परदेशात, नीट संशोधन म्हणून. काहींना थोडी वर्षं बरं वाटलं, मग ते ओसरलं, आणि काहींमध्ये त्या लावलेल्या पेशीसुद्धा झिजलेल्या सापडल्या. आपल्याकडे आयसीएमआरची, म्हणजे वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेची, २०१७ ची गाइडलाइन आहे, रक्ताचे ठरावीक आजार सोडले तर स्टेम सेल हा उपचार नाही, प्रयोग आहे, आणि प्रयोगाचे पेशंटकडून पैसे घेत नाहीत. ईएमआय तर सोडाच.

म्हटलं, सोनं राहू दे घरात. हालचाली कमी करायला टेट्राबेनाझिन नावाचं औषध आहे, फिजिओ आहे, घास नीट गिळायला शिकवतात, आणि खाणं भरपूर लागतं, कारण या आजारात वजन झरझर उतरतं, तूप-लोणी बिनधास्त घाला. तिने ऐकलं, पण जाहिरात डिलीट केली नाही, मी बघितलं.

त्यांचा मुलगा सतरा वर्षांचा आहे. लक्षणं नसताना अठराच्या आत टेस्ट करत नाहीत, आणि नंतरही आधी जेनेटिक काउन्सेलरकडे बसून बोलायचं, मग ठरवायचं, नको वाटलं तर नकोच. परवा जिन्यात भेटला तेव्हा मी विषय काढावा की नाही करत होते, तर तोच म्हणाला, मॅडम, सीईटीच्या बायोच्या नोट्स आहेत का तुमच्याकडे?